जुना स्टिरिओ : पैसे दोन टोकांना लावा

आमच्या घरातला स्टिरिओ वडिलांनी १९८३ साली घेतला. एक रेकॉर्ड प्लेअर, एक अ‍ॅम्प्लिफायर आणि गुडघ्याएवढ्या उंचीचे दोन स्पीकर. त्या काळी परदेशी सामानावर जबर आयातशुल्क असे, त्यामुळे मध्यमवर्गीय घरांत येणारे संच बहुधा इथेच बनलेले असत. कोलकात्याची सोनोडाइन, मुंबईची कॉस्मिक ही नावं तेव्हा घरोघरी आदराने घेतली जात. पुढे कॅसेट मागे पडली, सीडी आली आणि गेली, गाणी मोबाइलमध्ये शिरली आणि आमचा संच माळ्यावर गेला. एकोणीस वर्षांनी मी तो खाली काढला, ओल्या फडक्याने पुसला आणि थेट प्लग लावला.

डाव्या स्पीकरमधून ‘थप्प’ असा आवाज आला. जाळी काढलेली होती म्हणून दिसलं : मोठ्या स्पीकरचा कागदी कोन बाहेर ढकलला गेला आणि तिथेच थांबला. मागेपुढे हलायचं सोडून तो बाहेर ताणून राहिला होता. मी प्लग ओढला. आणखी काही सेकंद गेले असते तर आतली तारेची कॉइल जळाली असती. गाण्याचा विद्युतप्रवाह सतत दिशा बदलतो, म्हणून कोन मागेपुढे हलतो. एकाच दिशेचा प्रवाह, म्हणजे डीसी, स्पीकरकडे गेला तर कोन एका बाजूला अडकतो आणि सगळी शक्ती उष्णतेत जाते. अ‍ॅम्प्लिफायरच्या शेवटच्या टप्प्यात बिघाड असल्याची ही नेमकी खूण.

पुण्याच्या बुधवार पेठेतले एक वयस्कर मेकॅनिक मला पहिल्याच भेटीत म्हणाले, “साहेब, एकोणीस वर्षं झोपलेल्या माणसाला उठवून लगेच पळायला लावता का हो?” त्यांच्याकडे मी पुढचे तीन महिने शनिवारी जात राहिलो. या प्रकरणात जे सांगणार आहे, त्यातलं बरंचसं त्या दुकानाच्या बाकावर बसून शिकलो.

संचात तीन कामं होतात. तबकडीच्या खाचेतली हालचाल सुई टिपते आणि तिची वीज होते. ही अगदी क्षीण वीज अ‍ॅम्प्लिफायर मोठी करतो. मग स्पीकर त्या विजेची पुन्हा हालचाल करतो आणि हवा हलते. म्हणजे दोन टोकांना हालचाल आहे आणि मधे फक्त वीज. जे हलतं ते झिजतं, सैल होतं, विटतं. आणि एका यंत्राच्या नि दुसऱ्या यंत्राच्या आवाजात फरक पडतो तो मुख्यतः याच टोकांना. मधला भाग मात्र १९७० च्या दशकातच इतका सुधारला होता की त्या काळचा धडधाकट अ‍ॅम्प्लिफायर आजही घरच्या ऐकण्याला पुरून उरतो. म्हणून माझं ठाम मत आहे : हातात दहा-बारा हजार रुपये असतील तर मधला भाग फक्त दुरुस्त करावा आणि उरलेले सगळे पैसे सुई आणि स्पीकर या दोन टोकांना लावावेत. बहुतेक लोक नेमकं उलट करतात. नवा अ‍ॅम्प्लिफायर आणतात, त्याला कुजलेले स्पीकर जोडतात आणि ‘जुन्यात काही राम नाही’ म्हणून मोकळे होतात.

दुरुस्ती मात्र आधी मधल्या भागाचीच, कारण तो सुरक्षित झाल्याशिवाय टोकांना काही जोडताच येत नाही. त्यासाठी मेकॅनिक लोकांचं सगळ्यात साधं हत्यार म्हणजे सिरीज बल्ब. लाकडी फळीवर एक होल्डर, शेजारी एक सॉकेट. फेजची वायर बल्बमधून सॉकेटला जाते, म्हणजे संचाला जाणारी वीज आधी बल्बच्या तारेतून जाते. बल्ब ६० किंवा १०० वॉटचा, जुना पिवळा, तारेचा हवा. एलईडी इथे कामाचा नाही. तार थंड असताना तिचा रोध अगदी कमी असतो, तापली की तो दहापटीहूनही वाढतो. संचात कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि २३० व्होल्टचा बहुतेक भार स्वतःवर घेतो. संच ठीक असेल तर बल्ब एकदा चमकतो आणि लगेच मंद होतो. ती चमक म्हणजे आतले मोठे कंडेन्सर भरत असल्याची खूण. माझ्या संचाला जोडला तेव्हा बल्ब पेटला आणि पेटलेलाच राहिला. एक आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला होता.

तो होता टू-एन-३०५५. धातूच्या टोपीचा, दोन स्क्रूंनी बसवलेला हा ट्रान्झिस्टर त्या पिढीतल्या कितीतरी भारतीय अ‍ॅम्प्लिफायरांत आहे आणि तो आजही मिळतो. जुन्या देशी यंत्रांचं मला सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते याचं. आतले भाग डोळ्यांनी दिसतात, हाताने काढता येतात, सर्किट माणसाला वाचता येतं. आजच्या बऱ्याच यंत्रांबद्दल असं म्हणता येत नाही.

कॅपॅसिटरला दुकानात अजूनही कंडेन्सरच म्हणतात. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमध्ये द्रव असतो आणि तो वर्षानुवर्षं सुकत जातो. उष्णता जितकी जास्त, तितका लवकर. साधारण नियम असा की तापमान १० अंशांनी कमी झालं तर आयुष्य दुप्पट होतं. वीज गाळणारे मोठे कंडेन्सर सुकले की स्पीकरमधून घूं असा आवाज येतो. तो नीट ऐकावा, कारण त्यात निदान असतं. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, पण ती डीसी करताना लहरींची संख्या दुप्पट होते, म्हणून कंडेन्सरचा घुमारा १०० हर्ट्झचा असतो. अगदी खर्जातला, ५० हर्ट्झचा घुमारा असेल तर दोष बहुधा अर्थिंगच्या किंवा रेकॉर्ड प्लेअरच्या वायरमध्ये असतो. नवा कंडेन्सर त्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा आणि ८५ ऐवजी १०५ अंशांचा घ्यावा.

सगळेच कंडेन्सर सरसकट बदला, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. तो मला पटत नाही. जुन्या बोर्डावरची तांब्याची पट्टी नाजूक झालेली असते. प्रत्येक सोल्डर वितळवताना ती उखडण्याची भीती असते. मोठे गाळणीचे बदलावेत, फुगलेले आणि गळलेले बदलावेत आणि थांबावं. आवाजाचं बटण फिरवताना होणारी खरखर हा तर आजारच नव्हे. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा कंट्रोलच्या फटीत मारून बटण वीस-तीसदा पूर्ण फिरवलं की ती जाते. गंज सोडवणारं तेल मात्र तिथे कधीही मारू नये.

शेवटी एक मापन. स्पीकर काढून ठेवायचे, मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवायचा आणि स्पीकरच्या टर्मिनलांना लावायचा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निश्चिंत असावं. १०० च्या वर गेलं तर स्पीकर जोडायचे नाहीत. हे सगळं वाचून कोणी घाईने झाकण उघडणार असेल तर थांबा. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये भार शिल्लक राहतो. ज्यांच्या हाताला विजेच्या कामाची सवय नाही त्यांनी हा भाग जाणत्याकडूनच करून घ्यावा. माझा हा मधला भाग १,८०० रुपयांत झाला.

आता सुई. १२ इंची एलपीच्या एका बाजूला, वीस मिनिटांत, तबकडी सुमारे ६६७ फेरे घेते. सरासरी परिघाने गुणलं तर सुई एका बाजूला चारशे मीटरहून जास्त चालते. पाचशे तास वाजवल्यावर हा प्रवास सहाशे किलोमीटरच्या पुढे जातो. मुंबईहून निघून पणजी गाठावी एवढा. तोही दीड-दोन ग्रॅम वजन डोक्यावर घेऊन, केसाहून बारीक खाचेतून. हिरासुद्धा एवढ्या प्रवासात झिजतो. झिजलेली सुई ‘स’ आणि ‘श’ फाटके वाजवते आणि त्याहून वाईट म्हणजे खाच कोरत जाते. सुई नवी मिळते, तबकडी मिळत नाही. म्हणून सुईवरचा खर्च हा मला खर्च वाटतच नाही. वडिलांच्या तबकड्यांचा तो विमा आहे.

आपला प्लेअर कोणत्या जातीचा आहे ते आधी ओळखावं. जुन्या स्वस्त प्लेअरांत, विशेषतः एकावर एक तबकड्या रचून वाजवणाऱ्या चेंजरांत, सिरॅमिक कार्ट्रिज असे. कार्ट्रिज म्हणजे सुई धरणारा आणि तिच्या हालचालीची वीज करणारा भाग. सिरॅमिकची वीज भरपूर, पण दाबही भरपूर, पाच-सहा ग्रॅमपर्यंत. असा प्लेअर सुधारण्यात पैसे घालू नयेत. आठवण म्हणून ठेवावा, चांगल्या एलपी त्यावर लावू नयेत. मॅग्नेटिक कार्ट्रिजची वीज अगदी थोडी, काही मिलिव्होल्ट. शिवाय एलपीवर खर्जाचे स्वर मुद्दाम बारीक करून कोरलेले असतात, नाहीतर खाच रुंद हेलकावे घेत शेजारच्या खाचेत घुसेल. वाजवताना तो खर्ज परत वाढवावा लागतो. २० हर्ट्झला ही वाढ जवळजवळ २० डेसिबल, म्हणजे सुमारे नऊपट असते. हे काम अ‍ॅम्प्लिफायरच्या ‘फोनो’ किंवा ‘मॅग’ लिहिलेल्या जोडणीत होतं. मॅग्नेटिक प्लेअर ‘ऑक्स’मध्ये लावून ‘आवाज पातळ आहे’ म्हणणारे मी कितीतरी पाहिले. त्यांना एकच वायर दुसऱ्या भोकात लावायची असते.

घरात लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या असतील, नाट्यसंगीताच्या असतातच बऱ्याच घरांत, तर त्यांना एलपीची सुई चालत नाही. त्यांची खाच कितीतरी रुंद. एलपीच्या सुईचं टोक सुमारे १८ मायक्रॉन त्रिज्येचं, तर त्यांना ७० च्या पुढचं लागतं. बारीक सुई खाचेच्या तळाशी, धुळीत घासत जाते आणि फक्त खरखर ऐकू येते. आणि त्या तबकड्या स्पिरिटने किंवा अल्कोहोलने कधीही पुसू नयेत. लाख त्यात विरघळते.

माझ्या जुन्या कार्ट्रिजची सुई मिळेना, म्हणून लंबगोल टोकाची सुई असलेलं साधं नवं मॅग्नेटिक कार्ट्रिज ४,५०० रुपयांना घेतलं. त्याहून जास्त फरक ते नीट बसवण्याने पडला. सुईचा दाब मोजायला सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा मला ३५० रुपयांना मिळाला; कंपनीने सांगितलेल्या दाबापेक्षा कमी ठेवणं म्हणजे तबकडीवर दया करणं, असा गैरसमज आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती फोडते. कार्ट्रिज हेडशेलमध्ये, म्हणजे सुईच्या दांडीच्या टोकाला, किती पुढे आणि किती तिरकं हे ठरवायला प्रोट्रॅक्टरचा कागद पुरतो. तो छापताना आकार शंभर टक्के ठेवावा आणि फूटपट्टीने तपासावा. मी त्या दोन स्क्रूंशी पूर्ण रविवार घालवला. संध्याकाळी तबकडीच्या शेवटच्या गाण्यात, जिथे खाच सर्वांत दाटीची असते, गळा पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आला.

गतीचं आपल्याकडे एक खास दुखणं आहे. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी प्रेमाने दिलेला जुना प्लेअर ट्रान्सफॉर्मर लावून इथे चालवला तर व्होल्टेज जुळतं, पण तिकडची वीज ६० हर्ट्झची आणि आपली ५० ची. मोटर सिंक्रोनस जातीची, म्हणजे विजेच्या वारंवारतेवर गती ठरणारी असेल, तर ती सहा फेऱ्यांच्या वेळात पाचच फेरे घेते. ३३⅓ चे २७.८ फेरे होतात आणि काळी चारमध्ये गाणारी बाई पांढरी चारमध्ये गाऊ लागते. त्यावर उपाय म्हणजे ५० हर्ट्झची पुली. डीसी मोटरचे किंवा क्वार्ट्झचे प्लेअर असतील तर ही अडचण नाही. गती तपासायला १८० रेघांची स्ट्रोब चकती तबकडीवर ठेवून जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली पाहावी; रेघा स्थिर दिसल्या तर गती बरोबर. माझ्याकडे त्या पुढे सरकत नव्हत्या, डुलत होत्या. रबरी पट्टा सैल झाला होता. नव्या पट्ट्याला ४०० रुपये पडले. पण हा दोष मला चकतीच्याही आधी तानपुऱ्याने सांगितला होता. आलापीआधी तानपुरा एकटा वाजतो तिथे षड्ज हलत असेल, तर पट्टा, पुली किंवा मोटर यांपैकी काहीतरी नक्की बिघडलेलं आहे. आपल्या संगीताएवढी कडक गतीची परीक्षा दुसरी नाही.

सुईची किंमत किती याचं माझं आवडतं उदाहरण पृथ्वीवरचं नाही. १९७७ साली निघालेल्या व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे आणि तिच्यावर केसरबाई केरकरांची भैरवी आहे. ती पाठवणाऱ्यांनी तबकडीसोबत कार्ट्रिज आणि सुईही ठेवली, वाजवायची कशी हे वर कोरून ठेवलं. गोव्यातल्या केरी गावच्या त्या गळ्याला अवकाशातसुद्धा सुई लागतेच.

दुसरं टोक स्पीकरचं. माझ्या स्पीकरचा कोन नुसता दाबून पाहिला तर त्याच्या काठाचा काळा फोम बोटाला राखेसारखा लागला. कोन आणि लोखंडी चौकट यांना जोडणारी ही लवचीक कड. तिला सराउंड म्हणतात. त्या काळच्या पॉलियुरेथेन फोमला हवेतली आर्द्रता खाते. कोकणात आणि मुंबईत हे आणखी लवकर होतं. स्पीकर फेकून देण्याचं सर्वांत जास्त घडणारं कारण हेच आणि ते सर्वांत फोलही आहे, कारण कॉइल, मॅग्नेट, कोन सगळं शाबूत असतं. कड बदलणं हे निगुतीचं घरगुती काम आहे. जुना फोम खरवडून काढायचा, काठावरचा चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, नवी कड आधी कोनाला चिकटवायची आणि ती वाळल्यावर चौकटीला. दुसरं चिकटवताना खरी परीक्षा असते. कॉइल मॅग्नेटच्या फटीत अगदी मधोमध हवी. दोन्ही हातांच्या बोटांनी कोन चारी बाजूंनी सारखा, हलकेच आत दाबायचा आणि कान लावायचा. किंचितही खस्स ऐकू आलं तर कॉइल घासते आहे; कड मिलिमीटरभर सरकवायची आणि पुन्हा ऐकायचं. डिंक सुकेपर्यंत हेच करायचं. मी एक स्पीकर मेकॅनिककडे बसून केला, दुसरा घरी. दोन्हींचे मिळून २,४०० रुपये झाले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि अशा इतर बाजारांत रिकोनिंग, म्हणजे स्पीकरचा कोन आणि कड बदलून देण्याचं काम, करणारे कारागीर अजून आहेत. स्वतः नाही जमलं तर त्यांच्याकडे न्यावं.

स्पीकरच्या पेटीत, ट्वीटरकडे उंच स्वर पाठवणारे कंडेन्सरही असतात आणि तेही सुकतात. मग झांजा, सतारीची जवारी, सगळं पडद्याआडून आल्यासारखं वाटतं. मायक्रोफॅरडचा आकडा तोच ठेवून नवे फिल्म कंडेन्सर घालावेत. मला ६०० रुपये लागले. पण जुन्या पेटीत दिसायला तेवढ्याच आकाराचा नवा, ‘दमदार’ स्पीकर ठोकू नये. पेटीतली हवा आणि कोनाचं वजन, ताण यांचं गणित जमावं लागतं. १९६१ साली ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी ते मांडलं आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी वाढवलं. ते जमलं नाही तर खर्ज फुगतो किंवा हरवतो.

जोडताना एक पेन्सिल सेल जवळ ठेवावा. सेलचं अधिक टोक स्पीकरच्या लाल टर्मिनलला, उणं काळ्याला, क्षणभर टेकवलं की कोन बाहेर यायला हवा. दोन्ही स्पीकर एकाच वेळी बाहेर, एकाच वेळी आत, असे हलले पाहिजेत. एकाची जोडणी उलटी असेल तर एक हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो आणि तबल्याचा बायाँ चक्क नाहीसा होतो. वायरसाठी घरातल्या वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्यावी. पाच मीटर अंतराला तिचा जाऊन-येऊन रोध सुमारे ०.१२ ओहम भरतो. स्पीकरच्या आठ ओहमपुढे तो नगण्य आहे. हजारो रुपयांच्या वायरी विकणाऱ्यांना हा हिशेब दाखवावा.

वॉटच्या मागे लागू नये. १९९० च्या दशकात टेप रेकॉर्डरांवर ‘पीएमपीओ’ नावाच्या फुगवलेल्या वॉटचे शेकड्यांनी आकडे चिकटवलेले असत. त्या आकड्यांना काही अर्थ नव्हता. वीस खरे वॉट दिवाणखान्याला भरपूर होतात. शक्ती दुप्पट केली तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. जेमतेम जाणवेल एवढा.

स्पीकर ठेवायची जागा फुकट मिळते आणि तिच्याने जेवढा फरक पडतो तेवढा कशानेच नाही. आपल्याकडे स्पीकर कपाटावर किंवा एक शोकेसवर नि दुसरा फ्रिजवर, असे बसवण्याची रीत आहे. अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी १९३१ साली स्टिरिओचं पेटंट मागितलं तेव्हा कल्पना अशी होती की दोन आवाजांतल्या बारीक फरकावरून कानाला समोर एक रंगमंच दिसावा. त्यासाठी दोन स्पीकर आणि आपण असा समभुज त्रिकोण हवा, ट्वीटर कानाच्या उंचीवर आणि स्पीकर कोपऱ्यापासून दूर. जमिनीवर सतरंजी, मागे पुस्तकांची मांडणी, खिडकीला जाड पडदा. मी स्पीकर कपाटावरून दोन स्टुलांवर आणले, त्या दिवशी आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन विचारती झाली, “हे नवीन आणलंस का रे?”

मोबाइलची गाणीही याच संचावर ऐकता येतात. मोबाइलमधल्या आकड्यांची गाण्याची वीज करणारी, डॅक नावाची छोटी डबी ‘ऑक्स’ला लावली की झालं. मला ती १,२०० रुपयांना मिळाली. जुन्या देशी आणि युरोपी अ‍ॅम्प्लिफायरला गोल पाच पिनांची डिन जोडणी असते, तिच्यासाठी रूपांतरक मिळतो. बटण जरा फिरवताच आवाज कर्कश झाला तर घाबरू नये. आजच्या साधनांतून दोन व्होल्टपर्यंत वीज येते आणि जुन्या जोडण्या त्याच्या एका लहानशा अंशासाठी बनलेल्या आहेत. वाटेत दोन रेझिस्टर घालून ती कमी करता येते.

सगळं मिळून मला ११,२५० रुपये आणि तीन महिने लागले. अ‍ॅम्प्लिफायरची पेटी, लाकूड, बटणं, सगळं वडिलांनी आणलं होतं तेच आहे.

तुमच्याही माळ्यावर असा संच असेल तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी तो खाली काढा. पण प्लग लावू नका. आधी स्पीकरची जाळी काढून कोनाच्या कडेला हलकेच बोट लावून पाहा आणि अ‍ॅम्प्लिफायरसाठी एक साठ वॉटचा पिवळा बल्ब शोधून ठेवा.